डिझेलच्या टाकीत काही पडलं तर: पुण्यातल्या पिकअप आणि जीपवाल्यांसाठी

टोपणाची किल्ली, नाणं, अंगठी, नरसाळ्याची जाळी, डिझेल मोजायला घातलेल्या काठीचं टोक, टोपण हरवलं म्हणून कोंबलेला फडक्याचा बोळा. बोलेरो, सुमो, पिकअप, छोटा हत्ती अशा गाड्यांच्या टाकीत काय काय जातं ते कुठल्याही जुन्या फिटरला विचारा, तो यादी थांबवणार नाही. आमच्या पिकअपच्या टाकीत टोपणाची किल्ली रिंगसकट गेली. ती काढताना जे जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण त्या वेळी मराठीत एका जागी काहीच सापडलं नव्हतं आणि सल्ले मात्र चहूबाजूंनी येत होते.

एक गोष्ट आधीच सांगतो. पडलेली वस्तू बऱ्याचदा टाकीत पोचलेलीच नसते, ती वाटेत अडकलेली असते. तिला तिथेच अडकलेली ठेवता आली तर काम थोडक्यात आटोपतं. टाकीत ढकलली गेली की डिझेल उपसा, टाकीवरचं युनिट (डिझेल खेचण्याची नळी बसवलेला भाग) उघडा, टाकी उतरवा हे सगळं मागे लागतं.

१. पहिली पाच मिनिटं

इंजिन बंद करा. पंपावर असाल तर गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत बाजूला घ्या आणि मॅनेजरला सांगा. मोबाइलचा टॉर्च लावून टाकीच्या तोंडात डोकावू नका, पंपाच्या आवारात तर अजिबात नाही.

पुढे एक थेंबही डिझेल भरू नका. नोझलच्या धारेचा जोर चांगला असतो आणि पाइपच्या वळणावर टेकलेली किल्ली त्या धारेबरोबर सरळ टाकीत जाते. "भरून घ्या, वर तरंगत येईल" असं सांगणारा कुणीतरी हमखास भेटतो. धातू डिझेलवर तरंगत नाही.

तार, स्क्रूड्रायव्हर, काठी घालून ढोसणंही नको. वस्तू दिसत नसताना ढोसलं की ती आतच जाणार. टोपण नसेल तर तोंडावर जाड प्लास्टिक बांधा, आत बोळा कोंबू नका. मग गाडी सावकाश, धक्के न देता, मोकळ्या जागी न्या. चालवत न्यायची की टोइंग करून, ते पुढच्या दोन पायऱ्यांवर ठरतं.

२. पेट्रोल असेल तर इथेच थांबा

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे पुण्यात बाराही महिने. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते, गॅरेजच्या खड्ड्यात आणि बेसमेंटमध्ये साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झालं की एक ठिणगी पुरते. त्यामुळेच रिकामी केलेली पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक: आत द्रव नाही, नुसती वाफ आणि हवा. पेट्रोल किंवा पेट्रोल-सीएनजी गाडी असेल तर टोइंग करून वर्कशॉपला द्या. घरी कॅमेरा, मोटर, टॉर्च काहीही त्या टाकीजवळ नेऊ नका.

इथून पुढचं सगळं फक्त डिझेलच्या गाडीसाठी आहे. पण डिझेल म्हणजे बिनधास्त असंही नाही. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते, किमान ३५ अंश असावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यातला दुपारचा पारा चाळिशीला टेकतो. त्यात कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनातून परत येणारं डिझेल गरम असतं, त्यामुळे लांबून चालून आलेल्या गाडीची टाकी हाताला चटका देते. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि काम सकाळी लवकर करा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नाही, मोकळ्यावर. पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी.

३. पडलं काय, ते नीट आठवा

हडपसरच्या ज्या फिटरकडे आम्ही गेलो त्याचं पहिलं वाक्य होतं, "मालक, टाकीचं नंतर बघू. आधी सांगा, पडलंय काय?" तेव्हा वाटलं हा वेळ काढतोय. पण त्याचं बरोबर होतं. सगळं त्यावरच ठरतं.

फडकं, कागद, प्लास्टिकची पिशवी, स्पंज, रबर: गाडी सुरू करू नका. टाकीतून डिझेल खेचणाऱ्या नळीच्या टोकाला जाळी असते आणि हे सगळं खेचलं जाऊन त्या जाळीवर चिकटतं. गाडी घाटात मधेच बंद पडते. फडक्याचे धागे सुटले तर नंतर फिल्टर पुन्हा पुन्हा चोंदतो.

रिमोटवाली चावी, छोटा टॉर्च, सेल असलेली कुठलीही वस्तू: हीसुद्धा गाडी सुरू न करता काढायची. सेल डिझेलमध्ये राहू द्यायचा नाही.

लोखंड किंवा स्टीलचा नट, नाणं, साधी किल्ली: जड वस्तू तळाशी बसते, जाळीतून पुढे जाऊ शकत नाही. गॅरेजपर्यंत सावकाश गाडी नेता येते. फक्त ती अजून वाटेत अडकलेली असेल तर धक्क्यांनी आत जाईल, म्हणून चौथी पायरी शक्यतो जागेवरच करा.

मग "राहू दे आत, काय होतंय" या सल्ल्याचं काय? मला तो पटत नाही. पितळ, तांबं, जस्त यांच्या सान्निध्यात डिझेल लवकर खराब होतं, त्याचा चिकट गाळ होतो. लोखंड टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात गंजतं आणि त्या गंजाची पूड फिल्टरकडे जाते. स्टीलचा नट टाकीतलं डिझेल संपत येईपर्यंत थांबू शकतो. कायमचा नाही.

आता चुंबकाचं. सगळे आधी चुंबक आणायला धावतात. त्याआधी तुमच्याकडची डुप्लिकेट किल्ली घ्या आणि तिला चुंबक लावून बघा. बऱ्याच किल्ल्या वरून निकेल चढवलेल्या पितळेच्या असतात, त्यांना चुंबक ओढत नाही. आमची तशीच निघाली. रिंग मात्र स्टीलची होती, म्हणून निभावलं. सध्याची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटतात, दहाचं नाणं चिकटत नाही. सोनं-चांदी तर नाहीच. चुंबक चालणार नसेल तर चिमट्याच्या तयारीने जा.

४. अडकलंय कुठे, ते शोधा

टोपणाखालून धातूचा किंवा प्लास्टिकचा फिलर पाइप खाली जातो. त्याला पुढे जाड रबरी पाइपचा तुकडा होज क्लिपने जोडलेला असतो आणि तो टाकीच्या तोंडावर बसतो. शेजारून बारीक हवेची नळी जाते. बऱ्याच गाड्यांत तोंडाशी स्प्रिंगची झडप असते, काहींत टाकीच्या तोंडाशीही असते. वस्तू थांबण्याच्या जागा मुख्यत्वे तीन: वरच्या झडपेपाशी, रबरी तुकड्याच्या वळणावर, टाकीच्या तोंडाच्या झडपेवर.

गाडी सपाटीवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. मागच्या चाकाच्या बाजूने खाली हात घालून रबरी तुकडा बोटांनी दाबत जा. जुना रबरही दाबला जातो आणि आत किल्ली असेल तर कडक गाठ हाताला लागते. हे फुकटातलं काम आहे आणि लोक नेमकं हेच सोडून देतात.

गाठ लागली तर नशीब तुमचं. टाकी अर्ध्याच्या खाली असेल आणि डिझेलची पातळी त्या तुकड्याच्या बरीच खाली असेल तर डिझेल उपसायचीही गरज नाही. तुकड्याचं टाकीकडचं टोक एका हाताने घट्ट दाबून धरा, म्हणजे वस्तू पुढे घसरणार नाही. दुसऱ्या माणसाला वरची क्लिप सैल करून पाइप सोडवू द्या, वाकवा आणि वस्तू बाहेर काढा. खाली ट्रे ठेवा, थोडं डिझेल येणारच. परत बसवताना तो तुकडा तडकलेला दिसला तर बदलून टाका, पण इंधनासाठीचाच पाइप घ्या. पाण्याचा रबरी पाइप डिझेलमध्ये फुगतो आणि सैल पडतो.

५. लागणारं साहित्य

नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग मिळतात, बोहरी आळीत हार्डवेअर, तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्स. एका सकाळच्या फेरीत सगळं जमतं, फक्त शनिवारी संध्याकाळी त्या भागात गाडी नेऊ नका.

• मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा. हजार रुपयांच्या आगेमागे मिळतो, सोबत छोटा हुक आणि चुंबक असलेला बघून घ्या.
• लवचीक दांड्याचा चार बोटांचा चिमटा, निदान ६० सेंटिमीटर लांब.
• लवचीक दांड्याचं चुंबक.
• सायकलच्या ब्रेकची केबल, हुक करायला.
• डिझेल चालेल असा हातपंप आणि पारदर्शक नळी.
• झाकणाचे स्वच्छ कॅन, टाकीत असेल त्यापेक्षा जास्त मावेल इतके.
• बारीक जाळीचं नरसाळं.
• नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, सुती कपडे.
• पावडरचा अग्निशामक, हाताशी. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं. अग्निशमन दलाचा नंबर १०१.
• लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू.

युनिट उघडायची वेळ आली तर त्याची नवी ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) आणि नव्या होज क्लिप आधीच आणून ठेवा. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून घ्या, नुसतं "बोलेरोची द्या" म्हणून चालत नाही.

६. तोंडातून काढणं

कॅमेरा आधी, हत्यार नंतर. कॅमेऱ्याची नळी सावकाश आत सोडा आणि पडद्यावर बघत थांबा. डिझेल स्वच्छ असेल तर त्यातूनही आरपार दिसतं, पण या स्वस्त कॅमेऱ्यांचं सील पाण्यासाठी असतं. शक्यतो पातळीच्या वरच ठेवा, बुडला तर लगेच पुसा. आम्हाला आधी नुसता पिवळसर उजेड दिसला, मग झडपेची काळी कड, आणि तिच्यापलीकडे खाली तळाशी रिंगचा अर्धा गोल. किल्ली टाकीतल्या आडपडद्याला टेकून कडेवर उभी होती. टाकीत असे आडपडदे असतात, ब्रेक मारल्यावर डिझेल एकदम पुढे उसळू नये म्हणून. वस्तू त्यांच्यामागे गेली की तोंडातून हात पोचत नाही.

वस्तू पाइपात किंवा तोंडाच्या सरळ रेषेत दिसत असेल तर चिमटा आत घाला. तोंडाशी झडप असेल तर ती एका बारीक प्लास्टिकच्या पाइपने उघडी धरा आणि त्याच पाइपातून चिमटा न्या. वस्तू वर आणताना झडपेच्या कडेला आपटून पुन्हा पडते, ते यामुळे टळतं. चुंबकाचंही तसंच. फिलर पाइप लोखंडी असेल तर उघडं चुंबक वाटेतच भिंतीला चिकटत राहतं. त्याला प्लास्टिकच्या नळीत घाला, फक्त टोक बाहेर ठेवा.

आत जाणाऱ्या प्रत्येक हत्याराला दोरी बांधा, दुसरं टोक गाडीच्या हँडलला. चुंबक सुटून लोखंडी टाकीच्या तळाला चिकटलं तर मूळ वस्तूपेक्षा ते काढणं अवघड जातं.

फडक्याचा बोळा असेल तर चिमट्याने तो फाटतो. ब्रेकच्या केबलचं टोक स्क्रूसारखं पिळून त्यात फिरवत घुसवा आणि अख्खा ओढा. बाहेर आल्यावर फडकं उलगडून बघा, तुकडा मागे राहिलाय का ते कळेल.

टाकी प्लास्टिकची आणि वस्तू लोखंडी असेल तर अजून एक युक्ती आहे. ताकदवान चुंबक बाहेरून तळाला लावून वस्तू हळूहळू सरकवत तोंडाच्या किंवा युनिटच्या खाली आणता येते. लोखंडी टाकीवर हे चालत नाही.

तासाभरात वस्तू हाताला लागली नाही तर थांबा. दमलेल्या हाताने झडपेची स्प्रिंग तुटते, मग दोन तुकडे शोधायचे.

७. डिझेल उपसणं

ज्यांना घाई नाही त्यांनी गाडी वापरून टाकी खाली आणावी, पण वस्तू घन धातूची असेल तरच. अगदी कोरडीही करू नका. कॉमन रेल इंजिनाच्या पंपाला डिझेलचंच वंगण असतं, हवा खेचली की पंपाला मार बसतो. पाव टाकीला थांबा.

उपसताना तोंडाने नळी ओढू नका. गावाकडे सर्रास करतात, तरीही नका. डिझेलचा घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या. हातपंप वापरा. कॅन जमिनीवर ठेवून भरा, गाडीच्या हौद्यात ठेवून नाही, म्हणजे घर्षणाची वीज साठत नाही. उपसलेलं डिझेल तासभर स्थिर ठेवा. तळाशी पाणी किंवा काळा गाळ दिसला तर तेवढा भाग परत भरायचा नाही.

रस्त्यावर सांडलं तर लगेच भुसा टाका. पुण्यात त्यावरून पुढच्या मिनिटाला दुचाकी जाते. गटारात धुऊन सोडू नका, ते शेवटी मुठेतच जातं.

८. युनिट उघडणं किंवा टाकी उतरवणं

इथे फिटर हवा. तुम्ही शेजारी उभं राहून बघायचं, आणि काय बघायचं ते सांगतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सुटली पाहिजे. टाकीच्या वर डिझेल खेचण्याची नळी आणि डिझेलच्या काट्याचा फ्लोट असलेलं युनिट असतं. काही गाड्यांत मागच्या सीटखालच्या झाकणातून ते मिळतं, पिकअपमध्ये बहुतेक वेळा टाकी खाली घ्यावी लागते. युनिटभोवती वर्षानुवर्षांचा चिखल साचलेला असतो. तो ब्रशने आणि हवेने पूर्ण साफ झाल्याशिवाय युनिट उघडू देऊ नका. नाहीतर एक किल्ली काढताना मूठभर माती आत जाते.

युनिट कुठल्या दिशेला तोंड करून बसलंय याची खूण करा. बाहेर काढताना तिरकं करून सावकाश, कारण फ्लोटचा दांडा वाकला की काटा कायमचा खोटं बोलतो. नळ्यांचे प्लास्टिकचे लॉक जोराने ओढले की तुटतात.

टाकी उतरवायची असेल तर आधी रिकामी. ४० लिटर डिझेलचं वजन ३३ किलोच्या घरात जातं आणि ते आत हिंदकळतं. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणी खाली जाऊ नये, जॅक स्टँड लागतातच. टाकी खाली आली की उलटी करून युनिटच्या तोंडातून वस्तू बाहेर पडते. पाण्याने धुऊ नका, आत राहिलेला ओलावा पुढे इंजेक्टरला भोवतो. थोड्या स्वच्छ डिझेलनेच खळबळून घ्या.

आणि उतरवलेल्या टाकीवर, तिच्या पट्ट्यावर किंवा शेजारी कुठलंही वेल्डिंग नाही. "रिकामीच आहे की" म्हणणाऱ्याला तिथेच अडवा. गरम झाल्यावर आतल्या थरातून वाफ सुटते आणि टाकी फुटते.

९. गाडी गॅरेजला देताना

सोबत ठेवा: आरसी, विम्याची पॉलिसी, वॉरंटी चालू असेल तर तिचं पुस्तक आणि डुप्लिकेट किल्ली, चुंबकाच्या परीक्षेसाठी. इग्निशनची एकुलती एक चावीच आत गेली असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला नवी चावी मागताना आरसीबरोबर मालकाचं ओळखपत्रही लागतं. वॉरंटीतल्या गाडीचं युनिट बाहेर उघडू नका, आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

जॉब कार्डवर तीन गोष्टी लिहून घ्या: टाकीत काय पडलं, टाकीत किती डिझेल आहे, आणि आधी तोंडातून प्रयत्न करून मगच टाकी उतरवायची. तिसरं लिहिलं नाही तर थेट टाकी उतरवून मजुरी लावली जाते. डिझेल किती निघालं आणि किती परत भरलं हे समोर मोजायला सांगा. जुनी ओ-रिंग आणि निघालेली वस्तू ताब्यात घ्या.

१०. परत जोडल्यावर

ओ-रिंग नवीच. डिझेलमध्ये फुगलेली जुनी रिंग खाचेत बसत नाही, बसवली तरी भरल्या टाकीला गळते. डिझेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून परत भरा.

लाइनमध्ये एअर असेल, त्यामुळे एकदम सेल्फ मारत बसू नका. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. नसेल तर इग्निशन चालू-बंद करून टाकीतल्या पंपाच्या मोटरला लाइन भरू द्या, मग थोडा थोडा सेल्फ मारा. सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा.

मग टाकी पूर्ण भरा आणि गाडी उतारावर, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी करा. खाली पुठ्ठा टाकून ठेवा. युनिटची गळती अर्ध्या टाकीला दिसत नाही, भरल्यावर आणि उतारावरच दिसते. काटा फुल दाखवतो का तेही याच वेळी बघा.

टाकी हलवल्यामुळे तळाचा गाळ उठलेला असतो. आठवडाभराने फिल्टरचं पाणी सोडा. पाण्याबरोबर काळं निघालं, गाडीचा पिकअप कमी वाटला किंवा फडकं पडलेलं होतं, तर फिल्टर बदलाच. टोपणाला साखळी किंवा दोरी नसेल तर तीही याच फेरीत बसवून घ्या, आणि टोपणाची किल्ली मोठ्या किचेनला अडकवा, फिलर पाइपाच्या तोंडात जाणारच नाही इतक्या मोठ्या.